नोझल चेक ओके होता

मोठ्या इंकजेट प्रिंटरवर छपाई बिघडली की काय करायचं याचा क्रम ठरलेला आहे. आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर नोझल चेक काढा, तो तुटक आला तर हेड क्लीन करा, कडा दुहेरी दिसल्या तर अलाइनमेंट, रंग भलतेच आले तर कागदाचं प्रोफाइल बघा. कटकटीचं काम आहे, पण त्यातल्या त्यात सोपं, कारण दोष डोळ्यासमोर असतो. आज लिहितोय ते दुसऱ्या जातीच्या दोषाबद्दल. नोझल चेक ओके, रंग झकास, गिऱ्हाईक खूश.. आणि बिघाड दिसतो काही महिन्यांनी, नाहीतर वर्षांनी. आमच्या धंद्यात असले बग शुक्रवारी संध्याकाळी सापडतात :)

तर गोष्ट सुरू होते एका गायकापासून. ग्रॅहम नॅश, म्हणजे 'क्रॉसबी, स्टिल्स अँड नॅश'मधला नॅश. हा माणूस फोटोही हौसेने काढायचा. १९९० साली न्यूयॉर्कला त्याचं प्रदर्शन ठरलं, आणि पंचाईत अशी की त्याच्या बऱ्याच निगेटिव्ह आणि मूळ प्रिंट पाठवापाठवीत हरवल्या होत्या. हातात उरले ते कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराची चिमुकली चित्रं असलेले कागद. त्यावरून भिंतीवर लावण्याजोगे फोटो करायचे कसे? स्कॅन करून, कॉम्प्युटरवर साफसूफ करून, छापून. पण एवढ्या मोठ्या आकारात छापणार कोण?

उत्तर निघालं आयरिस ३०४७ हे यंत्र. किंमत सुमारे १,२६,००० डॉलर. हे फोटोसाठी बनलेलंच नव्हतं. ऑफसेट छपाईच्या आधी रंग कसे येतील ते दाखवणारा प्रूफ काढणं हे त्याचं काम. कागद ड्रमवर गुंडाळायचा, ड्रम गरगर फिरणार, आणि चार रंगांची चार काचेची नोझलं शाईचे थेंब सोडत राहणार, सेकंदाला दहा लाखांच्या घरात. थेंब थांबतच नाहीत. नको असलेल्या थेंबांना विद्युतभार द्यायचा आणि बाजूला वळवून गटारात पाडायचं. म्हणजे बरीचशी शाई वायाच जायची. पण रंगांच्या छटा इतक्या मुलायम यायच्या की बघणाऱ्याला ठिपका सापडायचा नाही.

नॅशने यंत्र विकत घेतलं, आणि १९९१ मध्ये मॅक होलबर्ट या आपल्या मित्राबरोबर मॅनहॅटन बीचला (लॉस एंजेलिसजवळचं, न्यूयॉर्कचं मॅनहॅटन नव्हे) 'नॅश एडिशन्स' सुरू केलं. जलरंगाचा जाड कागद यंत्रात बसेना, म्हणून त्यांनी करवत घेऊन आतला भागच कापला. वॉरंटी गेली हे सांगायला नकोच. त्यांच्याच इथल्या जॅक ड्युगनने या प्रिंटना 'जिक्ले' असं भारदस्त फ्रेंच नाव दिलं. मूळ क्रियापदाचा अर्थ फवारणे. फ्रेंच बोलीत त्याला आणखी एक अर्थ आहे, तो इथे लिहीत नाही.

आणि मग रंग उडायला लागले. हेन्री विल्हेल्म हा आयोवातल्या ग्रिनेल गावी बसून रंगीत फोटो किती टिकतात याच्या चाचण्या घेणारा संशोधक. आयरिसच्या सुरुवातीच्या शाया उजेडात दोन-तीन वर्षांतच फिक्या पडतात असं दिसून आलं. पाण्याचा थेंब पडला तर प्रिंट ओघळायची ती वेगळीच. यंत्राची चूक? मला नाही तसं वाटत. प्रूफला जगायचं असतं छपाई होईपर्यंत. नोझल तुंबू नये म्हणून शाई पाण्यात सहज विरघळणारी ठेवली होती, आणि त्या कामासाठी ती उत्तमच होती. रिक्वायरमेंट बदलली, शाईला कोणी कळवलं नाही.

पण मला खरी आवडते ती पुढची भानगड. २००० साली एप्सनचा स्टायलस फोटो १२७० आला. १३ इंच रुंदीचा, म्हणजे आयरिसपुढे पोरच, पण घरच्या टेबलावर मावणारा. ग्लॉसी कागदावर प्रिंट दहा वर्षं टिकेल असं सांगितलं गेलं. आणि काही लोकांचे फोटो काही आठवड्यांतच नारंगी पडले! काहींचे मात्र ठणठणीत. प्रिंटर तोच, शाई तीच, कागद तोच. 'माझ्याकडे चालतंय' या वाक्याचा अर्थ ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं चित्र दिसेलच.

दोषी निघाली हवा, नेमका सांगायचं तर त्यातला ओझोन. तो कागद चटकन कोरडा वाटावा म्हणून त्याच्या लेपात अतिसूक्ष्म छिद्रं ठेवलेली. त्या छिद्रांतून हवा थेट शाईपर्यंत पोचायची, ओझोन सायन रंग खायचा आणि उरायचा पिवळा-किरमिजी, म्हणजेच नारंगी. ज्याच्या गावच्या हवेत ओझोन जास्त आणि ज्याचा फोटो उघडा, त्याचा निकाल लवकर. काचेमागे फ्रेम केलेले वाचले. दहा वर्षांचा आकडा फ्रेम केलेल्या प्रिंटसाठीच होता, आणि चाचणी होती उजेडाची. आकडा खोटा नव्हता, पण फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या फोटोबद्दल तो काहीच बोलत नव्हता. टेस्ट केस सगळ्या हिरव्या आणि बग भलत्याच ठिकाणी, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्या लॅबची दयाच येते.

यावर उपाय म्हणजे पिगमेंट शाई, विरघळलेल्या रंगाऐवजी रंगाचे बारीक कण. त्याच वर्षी ४४ इंची स्टायलस प्रो ९५०० अशा शायांसकट आला. टिकण्याचा प्रश्न बराचसा मिटला आणि लगेच नवा उभा राहिला. पिवळ्या बल्बखाली छान करडा दिसणारा कृष्णधवल फोटो खिडकीपाशी नेला की हिरवट! करडा रंग बऱ्याच अंशी रंगीत शाया मिसळून बनायचा, आणि उजेड बदलला की त्या मिश्रणाचा तोल जायचा. २००२ च्या ९६०० मध्ये फिकट काळी अशी वेगळी शाई दिली, रंगीत शायांवरचा भार कमी झाला, तेव्हा हा हिरवटपणा बराच आटोक्यात आला.

नॅशचा तो करवतीने कापलेला आयरिस २००५ मध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाला देण्यात आला. आणि तुमच्याकडे त्या काळातल्या इंकजेट प्रिंट उघड्या लटकत असतील, मूळ फाइल कुठे आहे ते आठवत नसेल, तर या शनिवारी त्या आधी स्कॅन करून घ्या. काच नंतर बसवली तरी चालेल.