बोरा मिलुतिनोविच : एका परदेशी प्रशिक्षकाची कारकीर्द आणि तिच्या मर्यादा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील क्रीडा-इतिहासात खेळाडूंच्या स्थलांतराची चर्चा पुष्कळ होते. प्रशिक्षकांच्या स्थलांतराची तुलनेने कमी. या दृष्टीने युगोस्लाव्हियातून बाहेर पडलेल्या प्रशिक्षकांची परंपरा विचारात घेण्याजोगी आहे. ब्लागोये विदिनिच यांनी १९७० मध्ये मोरोक्कोचे आणि १९७४ मध्ये झाईरचे विश्वचषक स्पर्धेत मार्गदर्शन केले. १९८४ च्या आशियाई चषकात भारतीय संघाची सूत्रे मिलोवान चिरिच यांच्याकडे होती. याच परंपरेतील सर्बियन प्रशिक्षक वेलिबोर ऊर्फ बोरा मिलुतिनोविच यांनी १९८६ ते २००२ या काळातील सलग पाच विश्वचषक स्पर्धांत पाच निरनिराळ्या देशांचे संघ उतरविले. वृत्तपत्रांनी त्यांना चमत्कार घडविणारा प्रशिक्षक ठरविले. या बिरुदामुळे त्यांच्या कामाचे स्वरूप स्पष्ट होण्याऐवजी झाकलेच जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांना किती अवधी मिळाला आणि कोणत्या संस्थेने पाठबळ दिले, हे पाहिल्यावाचून त्यांच्या यशापयशाचा उलगडा होत नाही.

मिलुतिनोविच यांचा जन्म ७ सप्टेंबर १९४४ रोजी, युद्धकाळात, पश्चिम सर्बियातील बायिना बाश्ता या गावी झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मिलोश आणि मिलोराद हे थोरले बंधूही फुटबॉलपटू होते. त्यांपैकी मिलोश १९५४ व १९५८ च्या विश्वचषकांत युगोस्लाव्हियाकडून खेळले. बोरा यांना तशी कीर्ती लाभली नाही. बेलग्रेडच्या पार्टिझान संघातून ते १९६६ मध्ये बाहेर पडले आणि मोनॅको, नीस, रूआँ व स्वित्झर्लंडमधील विंटरथूर असा प्रवास करीत १९७२ मध्ये मेक्सिकोला पोहोचले.

तेथे त्यांना जो संघ मिळाला, तो मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाशी निगडित ‘पुमास’ हा होय. महाविद्यालयीन वाचकांना ही बाब विशेष वाटावी. तरुण खेळाडू घडविणे हा या संघाचा लौकिक होता. ऊगो सांचेस याच संघातून पुढे आला. १९७७ मध्ये मिलुतिनोविच या संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९८०-८१ च्या हंगामात त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९८३ मध्ये राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली, तेव्हा देश, भाषा आणि खेळाडू हे तिन्ही त्यांच्या परिचयाचे होते. कोलंबियाने माघार घेतल्यामुळे १९८६ चे यजमानपद मेक्सिकोला मिळाले होते. यजमान म्हणून पात्रता फेरी नव्हती. तयारीला तीन वर्षे होती. मेक्सिकोने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि पश्चिम जर्मनीविरुद्धचा गोलशून्य सामना पेनल्टी शूटआउटमध्ये गमावला. १९७० ते २०२२ या काळात मेक्सिकोने ही फेरी दोनदाच गाठली, आणि दोन्ही वेळा मायदेशात. या यशात प्रशिक्षकाचा वाटा किती आणि यजमानपदाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

कोस्टारिकाचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. १९९० च्या इटलीतील स्पर्धेपूर्वी त्यांच्या हाती जेमतेम काही महिने होते आणि हा देश प्रथमच विश्वचषकात उतरत होता. तरीही स्कॉटलंडला १-० आणि स्वीडनला २-१ असे हरवून संघाने बाद फेरी गाठली. ब्राझीलकडूनही पराभव एकाच गोलने झाला. ‘चमत्कार’ हा शब्द कोठे शोभत असेलच, तर येथे.

अमेरिकेत (१९९१-९५) पुन्हा अवधी होता, पण अव्वल श्रेणीची व्यावसायिक लीग नव्हती. तेथील फुटबॉल संघटनेने कॅलिफोर्नियातील मिशन व्हिएहो येथे कायमस्वरूपी शिबिर भरवून खेळाडूंना स्वतःच करारबद्ध केले. राष्ट्रीय संघालाच जणू क्लबचे रूप आले. २२ जून १९९४ रोजी कोलंबियावरील २-१ हा विजय या व्यवस्थेचे फळ होता. आंद्रेस एस्कोबार याच्या स्वयंगोलामुळे आणि पुढे दहाच दिवसांत मेदेयिन येथे झालेल्या त्याच्या हत्येमुळे तो सामना दुःखद कारणासाठीही स्मरणात राहिला. बाद फेरीत ४ जुलै रोजी ब्राझीलचा एक खेळाडू मध्यंतरापूर्वीच बाद झाला, तरी अमेरिकन संघ बचावाच्या चौकटीतून बाहेर पडला नाही व ०-१ असा हरला. सावधपणा ही मिलुतिनोविच यांची शक्ती होती, तशी मर्यादाही होती. पुढच्याच वर्षी संघटनेने त्यांना दूर केले. १९९७ मध्ये मेक्सिकोतही तेच घडले. संघ विश्वचषकासाठी पात्र ठरूनही निस्तेज खेळाचे कारण पुढे आले. १९९८ मध्ये नायजेरियाने स्पेनला ३-२ असे नमविले खरे, पण बाद फेरीत डेन्मार्कने त्यांचा १-४ असा धुव्वा उडविला.

चीनचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते. ७ ऑक्टोबर २००१ रोजी शेनयांग येथे ओमानला १-० असे हरवून चीन प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला. जपान व दक्षिण कोरिया हे दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी यजमान असल्याने पात्रता फेरीत नव्हते, ही अनुकूलता विसरता येत नाही. प्रत्यक्ष स्पर्धेत तीन सामन्यांत नऊ गोल स्वीकारून चीनला एकही गोल करता आला नाही. त्यानंतर २०२६ च्या स्पर्धेपर्यंत चीनला पुन्हा पात्रता साधलेली नाही. प्रशिक्षक आयात करता आला. देशांतर्गत फुटबॉलची घडी मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

त्या स्पर्धेत चीनला पहिल्याच सामन्यात २-० असे हरविणारा संघ कोस्टारिकाचा होता. त्याचे प्रशिक्षक अलेक्झांद्रे गिमाराएस १९९० मध्ये मिलुतिनोविच यांच्याच संघात खेळले होते. हेच गिमाराएस २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी संघाचे प्रशिक्षक म्हणून मुंबईत आले आणि त्या हंगामात त्यांचा संघ साखळी फेरीत अव्वल राहिला. मिलुतिनोविच यांनी पुढे होंडुरास, जमैका व २००९ मध्ये इराक या संघांना मार्गदर्शन केले. परंतु त्यांपैकी एकाही संघाला त्यांनी विश्वचषकात नेले नाही.