टाटानगरचा संप अन् नागपूरची फूट

पोलाद कामगारांची युनियन म्हटलं की टाटानगर आठवते. पण त्या गोष्टीचा एक धागा आपल्या नागपुरात आहे, तिवस्यातून एसटीत बसलं की पोचतो त्या नागपुरात.

1928 मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्यात कामगारकपातीवरून मोठा संप झाला. पुढारी वकील माणेक होमी. संप लांबला, टाळेबंदी झाली. तेव्हा जुन्या लेबर असोसिएशननं सुभाषबाबूंना अध्यक्ष केलं. सप्टेंबरात त्यांनी कंपनीशी तडजोड केली. होमींना ती पटली नाही, त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं. एकाच गेटवर दोन युनियन! मालकाला आणखी काय पाहिजे?

पुढच्याच वर्षी नागपुरात आयटकचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष नेहरू. व्हिटली कमिशनवर बहिष्काराचा ठराव झाला अन् ना. म. जोशी आपली माणसं घेऊन बाहेर पडले. ते स्वतः त्या कमिशनवर होते. म्हणून त्यांना नुसतं ‘मवाळ’ म्हणून निकालात काढतात, ते मला पटत नाही. 1920 पासून आयटक उभी करणाऱ्यांत हाच माणूस पुढं होता.

नवे अध्यक्ष निवडले गेले सुभाषबाबू, म्हणजे टाटानगरची फूट डोळ्यानं पाहिलेला माणूस. 1931 ला कलकत्त्यात त्यांच्याच अध्यक्षतेखाली आयटक पुन्हा फुटली.