शुभ्र चेहऱ्यामागचे शिसे : जपानच्या 'ओशिरोई'चा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/१०
एप्रिल १८८७. टोकियोत परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या निवासस्थानी सम्राट मेइजी यांच्यासमोर काबुकीचा प्रयोग रंगला होता. 'कांजिन्चो' नाटकात योशित्सुनेची भूमिका करणाऱ्या तरुण नाकामुरा फुकुसुके याचा पाय अचानक थरथरू लागला आणि काही केल्या थांबेना. वैद्यकीय निदान झाले : शिशाची विषबाधा.

२/१०
विष आले कोठून? चेहऱ्यावरच्या रंगातून. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, तशाच काबुकीतही स्त्रीभूमिका पुरुषच करत. त्यांना 'ओन्नागाता' म्हणत. फुकुसुके त्यांपैकीच एक. चेहरा, मान आणि हात 'ओशिरोई' या पांढऱ्या लेपाने रंगवणे हा त्याचा नित्यक्रम होता.

३/१०
या लेपाची परंपरा फार जुनी. 'निहोन शोकी' या प्राचीन इतिहासग्रंथात इ. स. ६९२ ची नोंद आहे : एका बौद्ध भिक्षूने शिशापासून पांढरी भुकटी तयार केली आणि सम्राज्ञी जितो हिने प्रसन्न होऊन त्याला वस्त्रांचे इनाम दिले. त्या काळी हा मोठा शोध होता.

४/१०
ही भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट, मराठीतला सफेदा. शिशाचे पत्रे शिरक्याच्या वाफेवर ठेवले की त्यांवर पांढरा थर चढतो. तो खरवडून, धुऊन, वाळवून लेप बनत असे. दुसरा प्रकार 'इसे ओशिरोई'. तो पाऱ्यापासून बनवत. थोडक्यात, दोन्ही पर्याय विषारीच!

५/१०
त्याच शृंगारात निरुपद्रवी पदार्थही होते. ओठांना लावायचा 'बेनी' हा लाल रंग करडईच्या फुलांपासून काढत. तीच करडई, जी महाराष्ट्राच्या रानात पिकते. चेहरा धुण्यासाठी तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी वापरत. तांदळाच्या पिठाची पांढरी पावडरही प्रचलित होती.

६/१०
मग शिसेच का टिकले? कारण ते त्वचेला घट्ट चिकटे, एकसारखे पसरे आणि मूळ रंग पुरता झाकून टाकी. धान्याच्या पिठाला हे साधत नसे. शिवाय शिशाचे विष शरीरात सावकाश साठत जाते. वापर आणि आजार यांत वर्षांचे अंतर पडल्याने दोहोंचा संबंध सहजी लक्षात येत नसे.

७/१०
१८८७ च्या प्रसंगानंतर हा प्रश्न जाहीर चर्चेत आला. १९०० मध्ये शासनाने विषारी रंगद्रव्यांवर निर्बंध घातले. मात्र शिशाच्या ओशिरोईला 'तूर्तास' सवलत दिली. हे 'तूर्तास' तीन दशके लांबले. १९०४ मध्ये इतो कोचोएन या कंपनीने 'मिसोनो ओशिरोई' ही शिसेविरहित पावडर बाजारात आणली, तरीही जुनी पावडर विकली जातच राहिली.

८/१०
या विलंबाची किंमत तान्ह्या बाळांनी मोजली. अंगावर दूध पिणाऱ्या अर्भकांमध्ये मेंदुज्वरासारखा एक गूढ आजार आढळत असे. १९२३ मध्ये क्योतोचे बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी त्याचे मूळ दाखवून दिले : आईच्या अंगावरील ओशिरोईतले शिसे. शृंगाराचे विष पाळण्यापर्यंत पोहोचले होते.

९/१०
१९३० मध्ये नियम बदलले आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत शिशाच्या पावडरीचे उत्पादन व विक्री कायद्याने थांबली. फुकुसुके पुढे पाचवा नाकामुरा उताएमोन म्हणून काबुकीतील अग्रगण्य नट झाला. परंतु शरीर पूर्ववत झाले नाही. उतारवयात हालचाली मंदावल्या असतानाही तो रंगमंचावर उभा राहत असे. १९४० मध्ये त्याचे निधन झाले.

१०/१०
आज 'नैसर्गिक' हा शब्द पाहून प्रसाधने निवडली जातात. ओशिरोईचा इतिहास येथे सावध करतो. शिसे आणि पारा हीसुद्धा भूगर्भातून निघालेली निसर्गाचीच देणगी. आपल्याकडचा पारंपरिक शेंदूरही शिशाचाच ऑक्साइड. उलट, शिशाची जागा पुढे घेतली ती कारखान्यात तयार होणाऱ्या झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पांढऱ्या द्रव्यांनी. करडईचा लाल रंग निर्दोष ठरला, शिशाचा पांढरा घातक. पदार्थ कोठून आला, यापेक्षा तो शरीरात जाऊन काय करतो, हा प्रश्न महत्त्वाचा. जपानला तो विचारायला बारा शतके लागली.