गळाचें आमिष

नदींतील दगड उलटून पकडलेला क्रेफिश शेपटीपाशीं गळास टोचावा, ही युरोप-अमेरिकेंतील मासे धरणाऱ्यांची जुनी रीत. परंतु हा नांग्यांचा जलचर आष्टी तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धेंत, किंबहुना भारताच्या मूळ जीवसृष्टींतच, नाहीं. त्याची जागा आपल्याकडे खेकडे व झिंगे यांनीं घेतली आहे.

तथापि आमिषविद्या आपणांस परकी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत (इ. स. ११२९) मत्स्यविनोदाचें वर्णन आहे, कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें, याचाही त्यांत विचार केला आहे. ‘आमिष’ म्हणजे मुळांत मांस. मोह हा अर्थ मागाहून आला.

आणि हा मोह केवळ माशांनाच भोंवतो असें नाहीं. ओहायो खोऱ्यांतील ‘रस्टी’ क्रेफिश आमिषाच्या डब्यांतून अमेरिकेच्या उत्तरेकडील सरोवरांत पोहोंचला आणि त्यानें तेथील पाणवनस्पतींचा व देशी क्रेफिशांचा फडशा पाडला. इ. स. १८६० च्या सुमारास अमेरिकेंतून आलेल्या रोगानें युरोपांतील क्रेफिशही असेच ग्रासले होते.

म्हणून वर्धेच्या गळास वर्धेचाच झिंगा पुरे. परकें आमिष नदींत सोडणें म्हणजे आपणच गळास लागणें होय.