बोरगावचे पाणी आणि आपण

निपाणीहून बोरगावकडे जाताना मला हटकून म्हादई आठवते. आपण गोंयकार पाणी किती मिळणार यावर भांडतो. 2018 साली लवादाने ते टीएमसीत मोजूनही दिले. पण ते कसे येणार, हे कुणी विचारायचे?

कृष्णेच्या खोऱ्यात 1969 साली दोन गोष्टी घडल्या. पाणीवाटपासाठी बच्छावत लवाद नेमला गेला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखणारा कायदा केला. पुढे 1974 साली केंद्राचा कायदा आला, कर्नाटकाचे मंडळही त्याच वर्षीचे. सांडपाणी सोडायचे तर मंडळाची संमती हवी, असा नियम झाला. पाण्याचा हिशेब तीन राज्यांनी मिळून केला, सांडपाण्याचा मात्र ज्याचा त्याने.

परिणाम बोरगावच्या शेजारीच दिसतो. इचलकरंजीचे सांडपाणी पंचगंगेला मिळाले. 2012 साली त्याच शहरात काविळीची साथ आली. मग शहराने आधी वारणेकडे आणि नंतर सुळकूड योजनेतून दूधगंगेकडे हात पसरला. दूधगंगाकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मला तो रास्त वाटतो, पण तहानलेल्या शहराचाही राग येत नाही. पंचगंगा तर नरसोबावाडीला कृष्णेत मिसळून बेळगाव जिल्ह्यातच उतरते.

म्हादईही बेळगाव जिल्ह्यातूनच आपल्याकडे येते. तिच्यासाठी 2023 साली केंद्राने प्राधिकरण मंजूर केले. त्याच्याकडे टीएमसीबरोबर वरच्या अंगाच्या संमतीपत्रांचाही हिशेब आपण आताच मागायला हवा. घाण आल्यावर मागून काय उपयोग?