फुकटची सीडी आणि लोहित

गेल्या विकांताला हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूरला गेलो होतो. काकांनी नव्या पेठेतलं डीटीपीचं दुकान बंद केलंय, त्यामुळे कपाट आवरणं आलंच. लग्नपत्रिकांच्या नमुन्यांखाली एक पाकीट सापडलं. आत उबुंटू ६.०६ ची सीडी, २००६ सालची. टपालखर्चसुद्धा कंपनीनंच केलेला!

"कधी टाकली नाही का ही?"

"टाकली की. पण आपला मराठी फाँट त्यावर चालंना. दिली ठेवून. पण काय रे, फुकट वाटून त्यांना काय मिळत होतं?"

लिनक्सवर पोट भरणाऱ्या मला पटकन उत्तर सुचेना. परतीच्या गाडीत तेच डोक्यात. तर मंडळी, हे ते उत्तर.

गोष्ट २००४ पासून सुरू होते. तोवर रेड हॅट घरच्या संगणकासाठीचं लिनक्स खोक्यात घालून विकायची. ३० एप्रिल २००४ ला रेड हॅट लिनक्स ९ चा सपोर्ट संपला. खरा पैसा सर्व्हरवाल्या कंपन्यांच्या वार्षिक सेवाकरारात होता. घरच्या वापरासाठी फेडोरा उरलं, कंपनीचे इंजिनिअर आणि स्वयंसेवक मिळून चालवतात ते.

त्याच ऑक्टोबरात मार्क शटलवर्थच्या कॅनॉनिकलनं उबुंटू आणलं. १९९९ मध्ये आपली थॉट ही कंपनी व्हेरिसाइनला विकून त्यानं पैसा केला होता. त्या जोरावर सीड्या वाटल्या. आधी लोकांना सवय लागू दे, मग कंपन्यांना सेवा विकू, असा हिशेब. २०११ मध्ये पाकिटं बंद झाली.

आणि त्याच २००४ मध्ये रेड हॅटनं भारतीय लिप्यांचे लोहित फाँट जीपीएल परवान्याखाली खुले केले. मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. लोहित म्हणजे लाल, लाल टोपीवाल्यांना शोभेल असंच नाव! यातही धंदा होताच म्हणा. भारतात गिऱ्हाईक हवं तर पडद्यावर भारतीय अक्षरं दिसायला नकोत?

काकांच्या जुन्या फायली मी सोबत आणल्यात. त्यात आजोबांच्या गिरणीतल्या आठवणी आहेत, चाळीस पानं. उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या काळच्या फाँटमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फाँट नसला की मजकूर असून नसल्यासारखा. आता रोज दोन पानं युनिकोडमध्ये आणतो आणि मूळ प्रिंटशी ताडून बघतो. लॅपटॉपवर उबुंटू आहे, फाँट लोहित. म्हणजे एका कंपनीनं खुला केलेला फाँट दुसऱ्या कंपनीच्या लिनक्सवर, कुणालाही न विचारता!

रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमकडे गेली. २०२३ मध्ये तिनं लिब्रेऑफिस आपल्या पुढच्या आवृत्त्यांत देणार नाही असं सांगून टाकलं. कंपनीचा हिशेब बदलला की मदतही बदलते, त्यात रागावण्यासारखं काही नाही. पण खुल्या परवान्यानं एकदा दिलेलं परत घेता येत नाही. म्हणून कंपनी काय देते यापेक्षा कोणत्या परवान्यानं देते, ते मी आधी बघतो.

काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे. आबांचं किती झालं?"

बारा पानं झालीत. अठ्ठावीस बाकी.