घसा

नाक व तोंड यांच्या मागून मानेत उतरणारा, श्वास आणि अन्न यांचा सामाईक मार्ग. व्यवहारात ज्याला घसा म्हणतात त्यात ग्रसनी आणि तिच्या खालच्या भागापुढचे स्वरयंत्र असे दोन अवयव येतात.

ग्रसनी ही कवटीच्या तळापासून मानेच्या सहाव्या मणक्यापर्यंतची, सुमारे १२ ते १४ सेंमी. लांबीची स्नायूंची नळी आहे. नाकामागील भागात दोन्ही कानांच्या नळ्या उघडतात, म्हणून सर्दीत कानाला दडे बसतात. आ केल्यावर पडजीभ व टॉन्सिल दिसतात तो मधला भाग. खाली वाट फुटते : मागे अन्ननलिका, पुढे स्वरयंत्र व श्वासनलिका. नाक वर आणि श्वासनलिका पुढे असल्यामुळे प्रत्येक घासाला श्वासाची वाट ओलांडावी लागते. घशाची सारी रचना या एका अडचणीभोवती उभी आहे.

घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळला, तर ती वर सरकताना कळते. त्याच क्षणी मऊ टाळू नाकाची वाट अडवते, स्वरयंत्रावरचे झाकण मागे झुकते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास थांबतो. हे चुकले की ठसका लागतो. लहान मुलांची दाढ पुरती आलेली नसते आणि खाताखाता ती हसतात, पळतात. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यासारख्या हरभरा पिकवणाऱ्या भागात घरी माल येतो त्या दिवसांत विशेष जपावे. श्वासनलिकेत उतरलेला दाणा बहुधा उजव्या फाट्यात अडकतो, कारण तो डाव्यापेक्षा रुंद व सरळ असतो. ओलाव्याने तो फुगतो. खाताना एकदम ठसका लागून पुढे धाप किंवा खोकला राहिला, तर मूल खेळू लागले तरी दवाखान्यात न्यावे.

स्वरतंतू पुरुषांत लांब व जाड असतात, म्हणून आवाज ढाला. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या दिंडीत दिवसभर अभंग म्हणणाऱ्यांचा घसा बसतो तो स्वरतंतूंना सूज आल्याने. सुजलेली कड नीट मिटत नाही, कंप मंदावतो. मौन व भरपूर पाणी हा त्यावरचा खरा उपाय. जोर लावून कुजबुजणेही टाळावे. जिनिंगमधील कापसाच्या धुळीने घसा खवखवतो, तो त्रास वेगळा. तंबाखू मात्र या साऱ्यांहून घातक असून तिच्यामुळे ग्रसनी व स्वरयंत्र दोहोंचा कर्करोग होतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.